अक्कांची वही आणि आमचं ॲप

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका घराच्या उंबऱ्यावर अक्का सर्व्हे घेत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मागं भिंतीच्या सावलीत उभा होतो. एप्रिल महिना, दुपारचे अडीच, सोलापूरचं एप्रिलचं ऊन कसं असतंय ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. समोरच्या बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. भिजवून कापलेलं पान, त्यावर चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, टोक आत मुडपलं की झाली विडी, आणि हे सगळं करताना त्यांची नजर एकदाही सुपाकडं गेली नाही. त्या अक्कांकडं बघून बोलत होत्या, मधेच पोराला तेलुगूत ओरडत होत्या, हात आपलं काम करत होते.

अक्का एका संस्थेसाठी विडी कामगार बायकांच्या तब्येतीचा सर्व्हे करतात. वय पन्नाशीच्या पुढं, मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपली सोलापुरी हिंदी, ज्या घरात जी चालते ती. या सर्व्हेचं मोबाईल ॲप आमच्या टीमनं केलं होतं आणि ते कसं चाललंय बघायला मी गेलो होतो. अक्का वहीत लिहीत होत्या. फोन पिशवीत होता.

तीन घरं झाली तरी फोन काही बाहेर येईना, तेव्हा मी विचारलं, "अक्का, ॲपमध्ये का नाही भरत तुम्ही?"

"भरते की ओ सर, रात्री. जेवण-बिवण झाल्यावर वहीतलं बघून बघून भरते. इथं फोन धरून बसलं की माझं सगळं ध्यान त्यातच जातंय. बटन शोधू का बाईचं ऐकू? दर पानावर बटन दुसरीकडंच पळायलंय."

म्हणजे कागद वाचावा म्हणून केलेल्या ॲपमुळं अक्का एकच सर्व्हे दोनदा करत होत्या, दिवसा कागदावर आणि रात्री फोनवर. आणि "बटन पळायलंय" हे त्यांनी तक्रारीच्या सुरात पण म्हटलं नव्हतं, ऊन लागतंय म्हणावं तसं सहज म्हटलं होतं. त्याचंच मला जास्त लागलं.

त्या वहीबद्दल आधी सांगतो. दोनशे पानी साधी वही. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने, पहिल्या पानावर जिथं "नाव" तिथंच शेवटच्या पानावर "नाव", त्याच्या शेजारी वय, मग घरात माणसं किती, दिवसाला विड्या किती, खोकला, कंबर, डोळे, आणि सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना ज्याला काही नाव नाही. संस्था बदलल्या, सर्व्हे बदलले, अक्कांचे रकाने बदलले नाहीत. लिहिताना त्या वहीकडं फार बघतच नव्हत्या. नाव ऐकलं की पेन डावीकडं जायचं, खोकल्याचं ऐकलं की मधे. बरोबर समोरच्या बाईंच्या हातासारखंच.

त्या रात्री मी आमचं ॲप उघडून बसलो आणि पहिल्यांदा ते अक्कांच्या बाजूनं बघितलं.

ॲप तिघांनी मिळून केलं होतं. नोंदणीचा फॉर्म माझा, तब्येतीचा एकाचा, घरखर्च-कमाईचा तिसऱ्याचा. सुटा सुटा घेतला तर एकेक फॉर्म नीट होता, डेमो दिला तेव्हा सगळ्यांना आवडला होता. पण एकामागं एक भरत गेलं की काय होत होतं बघा, माझ्या फॉर्मात प्रश्न रकान्याच्या वर लिहिलेला, दुसऱ्यात रकान्याच्या आतच फिकट अक्षरात आणि टाईप करायला लागलं की गायब, तिसऱ्यात डावीकडं, माझ्याकडं "जतन करा", त्याच्याकडं "सेव्ह", तिसऱ्याकडं "सबमिट", माझ्याकडं ते बटन खाली पूर्ण रुंदीचं, त्याच्याकडं वर उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण, आणि तिसऱ्याकडं खाली दोन बटनं, उजवीकडं "रद्द" आणि डावीकडं "सबमिट". पहिल्या दोन फॉर्मांत उजव्या अंगठ्याला उजवीकडं दाबायची सवय लागलेली असायची आणि तिसऱ्या फॉर्मात त्याच बाजूला रद्द. अक्कांचा एका रात्री चाळीस मिनिटांचा भरलेला फॉर्म असाच गेला होता. त्यांनी तो परत भरला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं चूक आपलीच.

हे मला सहन होत नाही, खरं सांगतो. फॉर्म चुकीचा असतो आणि माणूस स्वतःला अडाणी समजतो. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या ॲडमिशनला, सगळीकडं हेच बघतो मी. "मला मोबाईलमधलं काय कळत नाही" म्हणणाऱ्या बायका घरी तीन भाषांतला हिशेब तोंडी ठेवतात.

आणि यात वाईट वाटायचं अजून एक कारण होतं. सगळीकडं सारखेपणा ठेवणं ही गोष्ट मला कुठल्या कोर्समध्ये शिकायची गरज नव्हती, माझ्या घरातच होती ती. माझे वडील जेकॉर्डच्या कार्डांचं पंचिंग करायचे. बाहेरगावच्या लोकांना सोलापुरी चादर माहीत असते, पण तिच्यावरची नक्षी मागावर कशी उतरते ते माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकटी चौकटीत काढतात. मग बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्यासाठी एकेक पुठ्ठ्याचं कार्ड. कार्डावर जिथं भोक तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं एकाला एक ओवून त्याची माळ मागाच्या डोक्यावर चढवतात, माळ फिरत राहते आणि खाली चादरीवर मोर उमटत जातो. यातली गंमत अशी की भोक म्हणजे काय ते कार्डावर कुठंच लिहिलेलं नसतं. अर्थ फक्त जागेला असतो. सगळ्या कार्डांवर ती जागा एकच असते म्हणून मागाला कळतं. एका कार्डात भोक एका घरानं सरकलं तर पूर्ण थानात दर नक्षीला तोच धागा चुकणार.

वडील ग्राफकडं बघत आणि हात पंचिंगवर. हात बघायला लागत नव्हता. मला लहानपणी वाटायचं त्यांना पाठ आहे. पाठ नव्हतं, जागा ठरलेल्या होत्या.

ही जेकॉर्डची युक्ती १८०४ च्या सुमाराची, फ्रान्समधल्या लियॉं शहरातली, जोसेफ मारी जॅकार्ड नावाच्या माणसाची. आपल्याकडं त्याचा जेकॉर्ड झाला. पुढं अमेरिकेत हर्मन हॉलरिथनं १८९० च्या जनगणनेसाठी असंच भोकाचं कार्ड वापरलं, एका माणसाचं एक कार्ड, वय-लिंग-जन्मठिकाण सगळ्याच्या जागा ठरलेल्या, भोकं पाडली आणि मशीननं मोजली. म्हणजे माहिती भरायचा फॉर्म आणि चादरीची नक्षी लांबच्या नात्यात आहेत, आणि मी या नात्याच्या मधोमध असलेल्या गावात वाढून, साखर पेठेत पंचिंगचा ठक-ठक आवाज ऐकत झोपून, शेवटी असा फॉर्म केला की ज्यात जागा ठरलेली नाही. आता २०२७ ची आपली जनगणनासुद्धा मोबाईल ॲपवर करायचं ठरलंय. त्या प्रगणकांच्या अंगठ्याचा विचार माझ्या डोक्यात कधी कधी येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो आणि ठरवलं की नवीन काही घालायचं नाही, आधी आहे ते एकसारखं करायचं. मला वाटलं होतं आठवड्याचं काम आहे. दोन महिने गेले. कारण एकसारखं करायला गेलं की कळतं, आपण रंग आणि बटनांपुरताच विचार करत होतो, खरी गडबड प्रश्न विचारण्यातच आहे.

तारखेचंच घ्या. माझ्या नोंदणीच्या फॉर्मात जन्मतारखेवर टॅप केलं की कॅलेंडर उघडायचं आणि ते आजच्या महिन्यावर उघडायचं. समोर अठ्ठावन्न वर्षांच्या बाई. अठ्ठावन्न वर्षं म्हणजे ६९६ महिने. एकेक महिना मागं सरकवत जायचं. वरच्या वर्षावर टॅप केलं की वर्षांची यादी येते हे मला माहीत होतं, अक्कांना कोण सांगणार, तिथं तसं काही दिसत पण नाही. कॅलेंडर हे पुढच्या मंगळवारी दवाखान्यात कधी यायचं त्यासाठी चांगलं आहे, कारण तिथं वार बघायचा असतो. जन्मतारखेत वार कोण बघतंय? तिथं सरळ दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने आणि आकड्यांचा कीबोर्ड, संपला विषय. आणि महिना दिसताना शब्दात. ०४/०५ असं लिहिलं की आपण चार मे वाचतो पण आमच्या तिसऱ्या फॉर्मातला कोड त्याला पाच एप्रिल समजत होता, अमेरिकन पद्धतीनं महिना आधी, कारण आम्ही वापरलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, तशीच आली होती आणि कुणी बघितलंच नव्हतं. बारा तारखेच्या पुढं गेलं की एरर यायची, त्याच्या आतल्या तारखा गुपचूप उलट्या सेव्ह व्हायच्या. गुपचूप होणारी चूक सगळ्यात वाईट.

पण त्याच्याही खाली अजून एक गोष्ट होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या जन्मतारखा बघा, किती जणांची १ जून निघते. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली तारीख. आणि ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांना विचारलं तर "असंल की पन्नास-पंचावन्न". आमचा फॉर्म पूर्ण तारीख दिल्याशिवाय पुढं जाऊच देत नव्हता, मग सर्व्हेच्या बायका काय करणार, १ जानेवारी टाकून वर्ष अंदाजे. मी डेटा उघडून खाली खाली सरकवत गेलो तर १ जानेवारी, १ जानेवारी, १ जानेवारी. त्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या, अक्का पण खोटं बोलल्या नव्हत्या. फॉर्मानं त्यांना खोटं लिहायला लावलं.

आता आमच्याकडं तारखेचा एकच तुकडा आहे, कोडमध्ये एकदाच लिहिलेला, आणि तिन्ही फॉर्म तोच वापरतात. त्यात तीन पर्याय, पूर्ण तारीख माहीत आहे, फक्त वर्ष माहीत आहे, अंदाजे वय. जे निवडलं ते डेटात पण तसंच नोंदलं जातं, म्हणजे पुढं कुणी हिशेब करणार असेल तर त्याला कळतं की हे पंचावन्न पक्कं आहे की अंदाजाचं. कुठल्याही फॉर्मात गेलं तरी तोच क्रम आणि तेच शब्द. एक दुरुस्ती केली की सगळीकडं दुरुस्त. वडिलांच्या कामात कार्डाच्या पट्टीला भोकांच्या जागा आधीच ठरलेल्या असायच्या, आपण फक्त कुठं पाडायचं ते ठरवायचं, तसंच झालं हे.

नावाचं प्रकरण तर सोलापुरात फारच खोल आहे. माझ्या फॉर्मात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने होते, कारण मला लहानपणापासून तेच माहीत. पण आपल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत बरेच जण आडनाव आधी लावतात, मग नाव. अक्का विचारायच्या "पहिलं नाव काय?" तर पहिलं म्हणून आडनावच यायचं, बरोबरच आहे ना, पहिलं तेच आहे. काही मुस्लिम बायका नुसतं नाव आणि पुढं "बी" किंवा "बेगम" सांगायच्या, आडनावाचा रकाना मोकळा, आणि आमचा फॉर्म लाल होऊन बसायचा. लग्नाआधीचं एक, रेशनकार्डावर एक, आधारवर तिसरंच. शिवाय महाराष्ट्र शासनानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलंय, स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे पुढच्या पिढीला तीन रकाने पुरणारच नाहीत. आम्ही भांडलो यावर. एकाचं म्हणणं रकाने वेगळे नसतील तर यादी आडनावानं कशी लावणार. मी विचारलं, यादी आडनावानं लावायची गरज नक्की कुणाला आहे? कुणालाच नव्हती. शेवटी एकच रुंद रकाना ठेवला, "पूर्ण नाव, कार्डावर आहे तसं", आणि खाली एक छोटा, "हाक कशी मारतात". हा दुसरा रकाना अक्कांनी सुचवला. कारण गल्लीत जाऊन कार्डावरच्या नावानं विचारलं तर कुणी घर दाखवत नाही.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो कारण हे प्रोग्रामिंग करणाऱ्यांनाच जास्त लागेल. फोनला मराठी कीबोर्ड असला की बरेच जण १२३ असं मराठीत टाकतात, आणि जावास्क्रिप्टला ते आकडे आकडे वाटतच नाहीत, "हा नंबर नाही" म्हणून सांगतं. यात चूक टाकणाऱ्याची नाही. आत घेतानाच मराठी आकड्याचा इंग्रजी आकडा करून टाकायचा, दोन ओळींचं काम आहे. मोबाईल नंबर कुणी मधे जागा सोडून सांगतं, कुणी पुढं शून्य लावून, कुणी प्लस एक्याण्णव लावून, ते सगळं ॲपनं साफ करून दहा आकडे ठेवायचे. खातं नंबर आणि पिनकोड हे आकडे दिसतात पण आकडे नाहीत, त्यांची बेरीज कुणी करत नाही, त्यामुळं ते मजकूर म्हणूनच ठेवायचे, नाहीतर खात्याच्या सुरुवातीचे शून्य उडून जातात आणि पैसे अडकतात. आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर कायम शून्य असतं आणि लोक तिथं इंग्रजी ओ टाकतात. आपल्याला माहीत आहे की तिथं शून्यच असणार, मग टाकणाऱ्याला ओरडायचं कशाला, आपणच बदलून घ्यायचं. आधार नंबर आमच्या पहिल्या फॉर्मात होता, तो मी काढूनच टाकला. त्याचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो, व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीनं काढलेला, त्यामुळं एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तरी लगेच कळतं, सुंदर पद्धत आहे ती, पण कंबर दुखते का विचारायला आधार नंबर कशाला पाहिजे? न लागणारा प्रश्न कितीही नीट मांडला तरी तो अक्कांचा आणि त्या बाईंचा वेळच खाणार.

पण ज्या गोष्टीनं माझी झोप गेली ती वेगळीच होती. तब्येतीच्या फॉर्मात होय-नाहीचे प्रश्न होते. काही प्रश्नांत "होय" आधी, काहींत "नाही" आधी, हा एक घोळ. आणि दुसरं म्हणजे सगळ्या प्रश्नांना "नाही" आधीच निवडलेलं होतं. ज्यानं केलं त्यानं चांगल्या मनानंच केलं होतं, बहुतेकांचं उत्तर नाही असेल तर तेवढे टॅप वाचतील म्हणून. पण मग "नाही" याचा अर्थ काय? विचारलं आणि बाई नाही म्हणाल्या, का विचारायचंच राहून गेलं? दोन्ही डेटात एकसारखंच दिसणार. मी त्या दिवशी ज्या घरी गेलो होतो त्या घरातल्या बाई माझ्यासमोर बोलता बोलता तीनदा थांबून खोकल्या होत्या. त्यांची नोंद ॲपमध्ये शोधली. खोकला, नाही. अक्कांच्या वहीत त्याच बाईंपुढं लिहिलं होतं, "खोकला लई, रात्री जास्त". रात्री अकरा वाजता दमून वहीतलं बघून भरताना एक ओळ राहिली असणार, आणि राहिलेल्या ओळीला आमच्या फॉर्मानं स्वतःच्या मनानं उत्तर देऊन टाकलं होतं. त्या डेटावरून उद्या कुणी ठरवणार होतं की कुठल्या गल्लीत तपासणी शिबिर घ्यायचं.

त्यानंतर आमच्याकडं नियम झाला, उत्तर माणसानं दिल्याशिवाय ॲपनं द्यायचं नाही. सगळीकडं "होय" पहिलं, "नाही" दुसरं, "सांगता येत नाही" तिसरं, तिन्ही मोकळी, एकाखाली एक, बोट नीट बसेल एवढी मोठी. अँड्रॉइडवाले दाबायच्या जागेसाठी स्क्रीनच्या मापात ४८ डीपी सांगतात, ॲपलवाले ४४ पॉइंट, आम्ही त्याहून मोठी ठेवली, कारण उन्हात उभं राहून, घामेजल्या हातानं, एका हातात पिशवी धरून दाबायचं असतं. प्रश्न राहिला तर शेवटी "हे तीन प्रश्न राहिलेत" म्हणून यादी येते आणि त्यातल्या प्रश्नावर टॅप केलं की तिथंच नेऊन सोडतं. टाईप करता करता मधेच लाल अक्षरं येत नाहीत, रकाना सोडल्यावरच येतात, आणि "अवैध इनपुट" असलं काही न म्हणता "मोबाईल नंबर दहा आकडी पाहिजे, एक कमी आहे" असं म्हणतात. आपण समोरासमोर माणसाला जसं सांगू तसं.

शब्दांची तर आम्ही एक यादीच करून ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली. "सेव्ह करा" म्हणजे फोनमध्ये राहिलं, "पाठवा" म्हणजे संस्थेकडं गेलं. आधी दोन्हींना सबमिट म्हणत होतो आणि विडी घरकुलाच्या आतल्या गल्ल्यांत रेंज नसली की अक्कांना कळायचंच नाही गेलं का राहिलं. "जतन करा" हा चांगला शब्द आहे, मला आवडतो, पण अक्का "सेव्ह" म्हणतात, त्यांच्या मुली "सेव्ह" म्हणतात, म्हणून सेव्ह. प्रश्न रकान्याच्या वरच लिहायचा, आत कधीच नाही, कारण सर्व्हेच्या मधे दूध उतू जातं, पाण्याचा टँकर येतो, बाई उठून जातात, परत आल्यावर रकान्यात नुसतं "६" दिसलं तर ते सहा माणसं का सहा तास कसं कळणार? आणि ओळींची उंची. इंग्रजी अक्षराच्या मापानं बटन केलं की "पुढील" मधला उकार खालून कापला जातो आणि "पढील" दिसतं. हे बघणारा आमच्यात कुणी नव्हता, कारण आम्ही सगळे टेस्टिंग इंग्रजीत करत होतो. त्यापुढं मराठी आणि तेलुगूतच आधी बघायचं ठरलं, तेलुगू अक्षरांना खाली अजून जास्त जागा लागते.

हे सगळं आमच्याआधी लोकांनी केलेलंच आहे. सर्व्हेसाठी ओडीके नावाचं मोफत, ओपन सोर्स साधन कितीतरी वर्षांपासून आहे, त्यात एक्सेलच्या शीटमध्ये प्रश्न लिहिले की फोनवर फॉर्म तयार होतो, आणि एका साच्यातून आल्यामुळं तो आपोआपच एकसारखा असतो. आम्ही ते आधी नीट बघायला पाहिजे होतं. आता आमचे फॉर्म पण शीटमधूनच निघतात. संस्थेतल्या मॅडम स्वतः प्रश्न बदलतात, पण बटनाची जागा त्यांना बदलता येत नाही, मला पण येत नाही, मुद्दाम तसं केलंय.

डिसेंबरात परत गेलो. हवा छान होती, गड्ड्याच्या जत्रेची बोलणी सुरू झाली होती, पोरं पाळण्यात बसायचे पैसे आत्तापासून मागत होती. अक्का तशाच उंबऱ्यावर बसलेल्या, समोर दुसऱ्या बाई, मांडीवर तसंच सूप. फोन अक्कांच्या डाव्या हातात, आणि अंगठा चाललेला, होय, नाही, पुढं, आकडा, पुढं. त्या बाई सांगत होत्या की दुपारनंतर बोटं आखडतात, दोरा धरवत नाही. अक्का त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. मधे एकदाच खाली बघितलं, विड्यांचा आकडा टाकताना, आणि परत वर. मी कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडंच बघत उभा होतो.

सर्व्हे झाल्यावर म्हणाल्या, "सर, एक सांगू? मी डाव्या हातानं फोन धरते. उजव्या हातात पेन असतंय. ते 'मागं' बटन वर उजवीकडं आहे, तिथवर अंगठा जाईना."

"पेन कशाला अक्का? वही अजून आहे?"

पिशवीतून वही काढून दाखवली. नवीन वही होती, दोनशे पानीच. रकाने कमी झाले होते. नाव, तारीख, आणि मग पूर्ण पानभर एकच रकाना, आता त्याला वर नाव होतं, पट्टीनं अधोरेखित केलेलं, "ॲपात नाही ते". खाली त्या दिवसाच्या नोंदी. सुनेशी बोलणं नाही, एकट्याच जेवतात. मुलगी दहावीला, गणिताची वही पाहिजे. चष्मा दीराचा वापरतात. हिला एकटीला बोलायचंय, रविवारी येणे.